कोरडा अंगठा

विमान जोडायला मला दहा दिवस लागतात आणि मळवायला पंधरा. हे ऐकून लोक हसतात. आमची चारुलता तर आल्यागेल्याला सांगते, "जगातल्या बायका डाग काढता काढता दमतात, आणि आमचे हे डाग पाडायला बसतात." बायकोपुढे कुणाचं चाललंय! पण प्लास्टिकचं मॉडेल रंगवून तसंच ठेवलं की ते खेळण्यांच्या दुकानातलं दिसतं. लढाईतलं वाटायचं तर चढायच्या जागी रंग उडालेला हवा, तोफेच्या तोंडाशी काजळी हवी, पोटाखाली तेलाचा ओघळ हवा. सिकंदराबादला रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात तेहतीस वर्षं रेघा मारल्या, त्यामुळे माझा हात अजून स्थिर आहे. जिभेचं मात्र तसं सांगता येत नाही.

बरकतपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर देवराव राहतात. मूळचे नांदेडकडचे, हवाई दलात मेकॅनिक होते. अकरा वर्षांचा शेजार, पण जिन्यात भेटल्यावर मी नमस्कार म्हणणार, ते जय भीम म्हणणार, संपलं. माणूस अबोल. त्यांची मुलगी गीता दिलसुखनगरला कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवते. ती एक दिवस फोटो घेऊन खाली आली.

"काका, पप्पांची पंच्याहत्तरी आहे. सरप्राइज द्यायचंय. हे एकाहत्तरच्या वॉरमधलं त्यांचं प्लेन. बनतं का तुमच्याकडून?"

बनतं का म्हणजे? मला जरा रागच आला. फोटो पोस्टकार्डाएवढा, काळापांढरा. नॅट जातीचं छोटं लढाऊ विमान आणि त्याच्या पंखावर हात ठेवून उभा असलेला एकवीस वर्षांचा सडपातळ देवराव. मी भिंग घेऊन बसलो. चढायच्या जागी उडालेला रंग दिसला, तो तसाच्या तसा काढला. शेपटीवरच्या आकड्यांतला एक पुसट होता, तोही तसाच पुसट केला. पोटाखाली मात्र नुसती काळी सावली होती. तिथे काय होतं ते फोटोतून कळायला मार्गच नव्हता. मी तिथे तपकिरी तेलाचा एक लांब ओघळ काढला, कारण तो तिथे शोभतो. सगळेच काढतात.

रविवारी सकाळी अकरा वाजता देवरावांच्या घरी वीसेक माणसं जमली होती. टेबलावर केक होता, आत बगारा भात शिजत होता. गीतानं विमानावरचा रुमाल उचलला आणि टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला. मला तेवढंच हवं होतं.

"यावर एकही डाग मनचा नाही," मी सांगितलं. "भिंगातून फोटोत जे दिसलं, तेच काढलंय. एक टिंब इकडचं तिकडे नाही."

पुन्हा टाळ्या. देवरावांनी विमान दोन्ही हातांत घेतलं. चढायच्या जागेवर बोट ठेवून ते हसले.

"बरोब्बर. पायलट साहेबांचा बूट लागायचा इथं."

मग त्यांनी विमान उलटं केलं आणि त्यांचं हसू गेलं.

"मुकुंदराव, हे काय हाय?"

"तेल. गळतीचा ओघळ आहे तो." मी अजून टाळ्यांतच होतो.

"फोटोत दिसायलंय हे?"

"पप्पा, केक कापा ना आधी," गीता म्हणाली.

"जरा ठैर गे." देवराव खुर्चीवर बसले. "हा फोटो त्याच सकाळचा हाय. फोटो काढला आन साहेब गेले, ते आलेच न्हाईत. इमान कशानं पडलं, कुनालाच कळलं न्हाई. उडायच्या आधी मी पोट पुसायचो, मग पोटावरून अंगठा फिरवायचो. अंगठा कोरडा असला की वर करून साहेबांना दावायचा. त्याच्याबिगर ते हलत नव्हते. त्या दिवशी बी कोरडाच होता, मला पक्कं याद हाय. पण चोपन्न वर्षं झाली, रोज वाटतंय, नसला तर? आन आता तुम्ही तर भिंगानं बघितलं म्हनता."

हे त्यांनी घरातही कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या बायको मालनबाई हातातली ताटली तशीच धरून दारात उभ्या राहिल्या. गीता बापाकडे बघत होती आणि बाकी सगळे माझ्याकडे.

खोटं सांगत नाही, निसटायची वाट मला दिसली होती. फोटो धूसर आहे, नजरचूक झाली असेल, असं पुटपुटलं असतं तर माझी अब्रू राहिली असती. पण नजरचूक म्हटलं की शंका राहतेच, आणि ती त्यांनी चोपन्न वर्षं सांभाळली होती.

"देवराव, मी थाप मारली," मी म्हणालो. "फोटोत पोट दिसतच नाही. नुसती सावली आहे. ओघळ मी मनानंच काढला. शोभेसाठी."

"शोभेसाठी?"

"हो."

एवढी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

देवरावांनी ओघळावर अंगठा घासला. वरून वार्निश होतं, ओघळ हलला नाही.

"पुसून जातंय का हे?"

मी जिना उतरून थिनर आणि कापूस घेऊन आलो. बोळा भिजवून विमानाला हात घालणार, तोच त्यांनी तो माझ्याकडून काढून घेतला.

"नक्को. माझं काम हाय ते."

ते दहा मिनिटं पुसत होते. ओघळाबरोबर खालचा रंग गेला, पोट मधोमध करड्या प्लास्टिकपर्यंत उघडं पडलं. पंखाखालचं एक अक्षर अर्धं उडालं. एरवी अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडणारा मी त्यांना कापसाचे नवे बोळे भिजवून देत होतो. केक टेबलावर तसाच होता आणि कुणी त्याची आठवणही काढली नाही.

पुसून झाल्यावर त्यांनी फुंकर मारली. थिनर उडेपर्यंत थांबले. मग पोटावरून नाकापासून शेपटीपर्यंत अंगठा फिरवला, चष्म्याजवळ आणून तो नीट बघितला आणि पुन्हा एकदा फिरवला. विमान टेबलावर ठेवलं, त्याचं नाक उघड्या गॅलरीकडे केलं.

आणि हात लांब करून त्यांनी अंगठा वर केला. बराच वेळ तो खाली घेतला नाही.