गाव बांधलं त्या दिवशी

उकंडरावचा गोऱ्हा खाली बसला, तो परत उठला नाही. अंगभर बोराएवढ्या गाठी.

नगरपालिकेच्या भिंतीवर नकाशा लावलाय. त्यात एक लाल रेघ सावरटेकला वळसा घालून पुढे जाते, आणि एक रुंद रस्ता गोजरबाईच्या विहिरीवरून जातो. रस्ता अजून नाही. विहीर आहे.

लेआउटमध्ये घरोघर नळ बसवलेत. चकचकीत तोट्या. पाणी नाही.

"ताकात हयद जास्त झाली वो."
"होऊ दे. रोग का चव पायते?"

आषाढाचं आभाळ. चार दिवस झाले, नुसतं कण्हतंय.

"गाव केवढं वाढावं?"
"गावाले इचारलं का कोनी?"

*

आता नीट सांगतो.

सावरटेक शहराच्या इतकं जवळ, की वारा तिकडून असला तर जिनिंगच्या भोंग्यावर आमची न्याहारी होते. मोतीराम आणि गोजरबाई या नवरा-बायकोचा मळा शहराच्याच बाजूला, शिवेला लागून. मेथी, पालक, वांगी, आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात पाय घातला की चप्पल ठेवून घेते. मळ्यात एक विहीर, वैशाखातही तळ न दाखवणारी. त्या पाण्यावर त्यांचा राजकुमार शिकला आणि पुण्याला नोकरीला लागला.

मळ्याच्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, पूर्वी पऱ्हाटी असायची, तुमची कपाशी. आता तिथं प्लॉट पडलेत, घरं झालीत. त्याला सगळे लेआउट म्हणतात. मास्तर, कंडक्टर, दवाखान्यातली नर्स, अशी नोकरीची माणसं.

शहराची हद्द वाढायची होती. सावरटेक तिच्यात जाणार होतं. ज्याची हरकत असेल त्यानं मंगळवारी नगरपालिकेच्या सभागृहात स्वतः येऊन सांगावी, अशी नोटीस लागली. खाली लिहिलं होतं, जो येणार नाही त्याची हरकत नाही असं समजण्यात येईल.

आणि त्याच मंगळवारी आमचं गाव बांधायचं होतं.

ढोरांवर रोग आला की आम्ही गाव बांधतो. हळद घातलेल्या ताकाचं गाडगं, बुडाला भोक, भोकात कडब्याची काडी. ते धरून एक माणूस शिवेवरून चालतो. ताकाची बारीक धार पडत जाते, मागं हलगी वाजते. धार जिथून निघाली तिथं परत मिळाली की गाव बांधलं. मग दिवेलागणीपर्यंत आतला बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही, गावातली काडीसुद्धा बाहेर जात नाही. गाडगं धरायचा मान मोतीरामच्या घराण्याचा. गाडगं भरून द्यायचं आणि उतरवून घ्यायचं त्याच्या बायकोनं.

मरीमायपुढं नारळ फोडून एकदा दिवस सांगितला, की तो बदलत नाही. नारळ फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी नोटीस लागली.

*

आदल्या संध्याकाळी पारावर माणसं जमली.

शेषराव गावातले सगळ्यात जुने, सगळ्यात जास्त वावर, म्हणजे शेत, त्यांचंच. ते म्हणाले, "शहर म्हंजे म्हस हाये बाप्पा. दाव्याले हाये तोवर म्हस. सुटली की साऱ्याइचं वावर तिचंच."

"आबा, तुमाले म्हस दिसते, मले नाली दिसते." ही जयमाला, त्यांची सून. डोक्यावरचा पदर तसाच, पण तोंड मोकळं. "दारातून घान पानी वाह्यते, त्याच्यात लेकरं खेयते. पालिका आली तं नाली तं होईन."

"नाली होईन, अन् मंग नालीतून पालिका घरात येईन."

"येऊ द्या. चा पाजीन."

माणसं हसली. उकंडरावनं विडी विझवली. त्याचा एक गोऱ्हा गेला होता, दुसरा गोठ्यात मान टाकून पडला होता. तरी बोलला, "मायं म्हननं असं, अर्धं वाढवा. अर्धं राहू द्या जसंच्या तसं."

"अर्धं कसं बे? अर्धी भाकर भाजून अर्धी कच्ची खाशीन का?"

"मंग तुमीच सांगा आबा, केवढं वाढावं?"

"मायाच्यानं चालत जाऊन पाह्यता यावं, तेवढं."

"तुमच्यानं तं आता काठीबिगर पारावर बी येनं होत नाई!"

इतका वेळ गोजरबाई खाली मातीत बोटानं रेघा ओढत होती. ती म्हणाली, "वाढू द्या न जेवढं वाढायचं तेवढं. पार नागपूरपावतर जाऊ द्या. फक्त माया हिरीवरून नोका जाऊ."

"हेच तं सारे म्हनते वयनी," उकंडराव म्हणाला. "मायं सोडून वाढवा."

"सारे म्हनते, पन साऱ्याइच्या हिरीवरून रस्ता हाये का? आबा, मले उद्या जाऊ द्या. मी अंधारातच निंगतो, धार निंगायच्या आंधी."

"अन् गाडगं कोन भरन? कोन उतरवन?"

"जयमाला उतरवन."

"तिच्या घरचा मान हाये का तो? तुह्या सासूनं बायंतपनाच्या कळा दाबून गाडगं उतरवलं होतं, माह्या डोयानं पाह्यलं मी." शेषरावांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर गोजरबाईला भांडता आलं असतं. "तू गेली, अन् परवा उकंड्याचा दुसरा गोऱ्हा मेला, तं गाव कोनाचं नाव घेईन?"

उकंडरावनं गोठ्याकडे पाहिलं. तेच तिला लागलं.

मग मोतीरामनं विचारलं, धार लेआउटच्या अलीकडून न्यायची का पलीकडून? जमीन आपल्याच शिवेतली, पण माणसं नवी. यावर बराच काथ्याकूट झाला. चिडलेली गोजरबाई एकदम बोलली, "बाहेरच ठेवा त्याहिले! एक तरी ढोर हाये का त्या लेआउटात? कुत्रे हाये, थे बी पलंगावर निजनारे."

पुन्हा हसणं झालं. आणि तेच ठरलं. लेआउट बाहेर.

*

आत.

धार निघाली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. गाडगंवाल्यानं बोलायचं नसतं. मोतीराम मान खाली घालून चालत होता. मागं हलगी, हलगीमागं गाव. हवा अशी कोंदलेली, की धूर वर जाईना. सोयाबीनची कोवळी पानं लटकलेली. मोतीरामच्या पायाला चिखल चिकटत गेला, पाय जड होत गेले. मळ्याच्या धुऱ्याशी आला तेव्हा प्रत्येक पाय उपटून काढावा लागत होता.

बाहेर.

पुष्पांजली लेआउटातल्या आपल्या घराच्या फाटकात उभी. नर्स. लोणारकडच्या बीबी गावची, इथं नोकरीला. अंगावर गाडीवर घालायचा पांढरा कोट, हातात स्कूटीची किल्ली. धार तिच्या फाटकासमोरून गेली, फाटक पलीकडे ठेवून.

"काका, आमाला बाहेर ठेवलं व्हय?"

मोतीराम चालत राहिला.

आत.

धार मिळाली. गोजरबाईनं गाडगं उतरवून घेतलं, मोतीरामच्या पायावर पाणी ओतलं, आणि हात न पुसताच मळ्याकडे निघाली. पिशवीत हरकतीचा कागद होता. राजकुमारनं फोनवर सांगितलेला, जयमालानं लिहिलेला. मोतीराम मागोमाग.

धुऱ्यावर ताकाची ओळ वाळून गेली होती. काही दिसत नव्हतं. पण कुठं होती ते दोघांनाही ठाऊक होतं.

पलीकडे पुष्पांजलीनं स्कूटी चालू केली. "मावशी, मी नगरपालिकेतच चालले. सुट्टी टाकलीय आज. बसा मागं, दहा मिनिटांत पोचवते."

गोजरबाईनं पाय उचलला.

धुऱ्याजवळच्या लिंबाखाली उकंडराव गोठ्यातून काढून आणलेल्या आजारी गोऱ्ह्याच्या गाठींना हळद लावत बसला होता. त्यानं वर पाहिलं. गोऱ्ह्याचं तोंड मांडीवर घेतलं आणि परत हळद लावू लागला.

पाय जिथं होता तिथंच खाली आला.

"मले नाई येता येत वो माय. हा कागद तरी ने."

"कागद बी नाई," मोतीराम म्हणाला. "आज गावातली काडी बी बाहेर जात नाई."

"तुमी कोनाकून हाये?"

"मी गाडग्याकून हाये."

"मंग हिरीकून कोन हाये?"

मोतीरामची नजर विहिरीकडे गेली. त्यानं कपाळावरचा घाम पुसला. ती विहीर त्याच्या बापानं खणली होती. सुरुंगाचा एक दगड बापाच्या खांद्यात शेवटपर्यंत होता.

"आवाज जाते का बाहेर?" गोजरबाईनं विचारलं.

त्यानं पायाच्या अंगठ्यानं धुऱ्यावरची माती उकरली. "आवाजाचं आतापावतर काई सांगेल नाई कोनी."

"थांबा मावशी," पुष्पांजलीनं मोबाइल काढला. "बोला. मोठ्यानं बोला."

गोजरबाईनं पदर खोचला आणि आवाज काढला. मळ्यात शिरलेल्या शेळ्या हाकलायला काढतात तसा. "अवो सायेब! मी गोजरबाई मोतीराम, सावरटेकची! तुमी रस्ता काढला थो माया हिरीवरून जाते! हिरीले पानी हाये! उन्हायात लेआउटचे टँकर बी तिथूनच भरते! रस्ता थोडा इकळे सरकवा! मी आली असती, पन गाव बांधेल हाये! मायी हरकत हाये! हाये म्हंजे हाये!"

मध्येच लेआउटातलं कुत्रं भुंकलं. तेही मोबाइलमध्ये गेलं.

*

बाहेर.

दिवस कलला तेव्हा पुष्पांजली परत आली. दिवे लागले नव्हते. तिनं स्कूटी ओळीच्या पलीकडेच लावली. गोजरबाई धुऱ्यावर बसली होती. सकाळपासून मेथीला पाणीसुद्धा दिलं नव्हतं.

"ऐकवलं, मावशी."

"मंग?"

"हसले."

"कोन?"

"सगळेच. आधी हसले. मग हिरीचं आलं तवा गप झाले." पुष्पांजलीनं कोटाची बाही वर सारली. "साहेब माणूस वाईट नव्हता. दोनदा ऐकलं त्यानं. मग म्हणाला, बाई, आवाजाची सही कशी घेऊ? माणूस हजर पाहिजे. मी म्हटलं, गाव बांधलंय. तो म्हणाला, कशानं? मी म्हटलं, ताकानं. मग परत हसले."

"लिहिलं काय?"

"सावरटेक, हरकत नाही."

आत कुणाचं तरी वासरू हंबरलं. गोजरबाई मातीचं ढेकूळ हातात घेऊन फोडत राहिली.

"अन् तुले नाई इचारलं?"

"विचारलं. मी लेआउटची म्हणून विचारलं."

"काय म्हनली?"

"नळाला पाणी पाहिजे म्हटलं. शहरात घ्या म्हटलं." तिनं नजर चोरली नाही. "मला रोज बाराच्या ठोक्याला टँकरमागं पळावं लागतं, मावशी. मी खोटं कशाला बोलू?"

"नोकोच बोलू. तुह्या जागी मी बी तेच म्हनली असती." ढेकूळ संपलं. "तुमाले बाहेर ठेवा म्हननारी मीच होती."

"माहिताय. जयमालावयनीनं सांगितलं. कुत्र्याचं बी सांगितलं."

"पलंगावर निजते न पन?"

"पायथ्याला," पुष्पांजली म्हणाली.

दोघी थोड्या हसल्या. मग मरीमायपुढं दिवा लागला, हलगीवर थाप पडली. गाव सुटलं. पोरं ओरडत शिवेबाहेर पळाली, दुधाच्या कॅन घेऊन गडी शहराकडे निघाले. गोजरबाई उठून उभी राहिली. आता कुठंही जाता येत होतं. नगरपालिका केव्हाच बंद झाली होती.

"या की मावशी, चहा घ्या."

"नाई वो," ती म्हणाली. "आज ओळ ओलांडाची सवय नाई राह्यली."

उकंडरावचा दुसरा गोऱ्हा जगला. तो ताकानं जगला असं अर्धं गाव म्हणतं, हळदीनं जगला असं अर्धं. शेषरावांनी त्याला स्वतःच्या हातानं गूळ चारला. जयमालाच्या दारातली नाली अजून व्हायची आहे.

पोळ्याच्या आधी मोजणीची माणसं आली. त्यांनी मळ्यातून चुन्याच्या दोन रेघा मारल्या, विहिरीच्या अलीकडून एक, पलीकडून एक. मोतीरामनं त्यांना पाणी पाजलं, त्याच विहिरीचं. ताकाची धार वाळली की दिसत नाही. चुना वाळला की जास्त पांढरा दिसतो. दर सकाळी गोजरबाई त्या रेघा ओलांडून सांबार तोडायला जाते, आणि ओलांडताना लुगडं जरा वर धरते, नाला ओलांडावा तसं.

गाव बांधायला आधी ठरला होता तो आदला मंगळवार. त्या दिवशी वांगी तोडणीला आली होती, माल बाजारात न्यायचा होता, म्हणून नारळ फुटायच्या आधी गोजरबाईनंच दिवस आठवडाभर पुढं ढकलायला लावला होता.