खोक्यातली खोट

खोक्यात काडीचीही खोट नव्हती, हे ठिणगी बापाची शपथ घेऊन सांगायला तयार होती. पंचाईत एवढीच, की खोट काढत होता तो खुद्द बापच.

"मेलेला आवाज आहे हा." बाबांनी गिटारच्या तारांवर तळहात ठेवून त्या गप्प केल्या. "वर गोणपाट टाकल्यासारखा. उघड पुन्हा."

"दोनदा उघडलं, बाबा."

"मग तिसऱ्यांदा उघड. माझा अँप असा वाजत नाही."

ठिणगीने स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. लहानपणी प्लगमध्ये तार खुपसली तेव्हा बाबांनीच तिला हे नाव ठेवलं होतं, आणि पुढे ते स्वभावाला इतकं चपखल बसलं की खरं नाव नुसतं कागदांवर उरलं. दिवसभर ती एका वर्कशॉपमध्ये लोकांचे मिक्सर, हीटर आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करायची. घरी आल्यावर हे.

खोकं तिने हौसेने केलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी जिन्यात गाठून निक्षून सांगितलं होतं, पुन्हा भिंती हादरल्या तर अँप तरी जाईल नाहीतर तुम्ही बापलेक तरी. बाबांचा अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, होता जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा. असल्या अँपचा स्वभाव बाबांसारखाच, दाबून ठेवला की कुरकुरतो, पूर्ण उघडला की खुलतो, आणि खुलला की शेजारपाजार गोळा होतो. बाबांना तो खुललेला आवाजच हवा. ऑर्केस्ट्रा बंद पडल्यापासून त्यांना दुसऱ्या कशात राम वाटत नव्हता, त्यामुळे अँप विकून टाका म्हणायला तिची जीभ रेटेना.

म्हणून तिने जुन्या स्टॅबिलायझरचा पत्र्याचा डबा घेतला, आत अॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर ठोकळ्यांसारखे रेझिस्टर आवळले, वर पंख्याच्या रेग्युलेटरचा खटका बसवला. हे खोकं अँप आणि स्पीकर यांच्या मधे बसायचं, अँपची बहुतेक ताकद पिऊन तापायचं आणि चमचाभर पुढे स्पीकरला द्यायचं. म्हणजे अँप पूर्ण उघडा आणि आवाज खोलीपुरता. जोडणी चुकली तर अँप जळायचा, म्हणून एकेक जोड तिने मीटर लावून तपासला होता. सुट्ट्या घातल्या होत्या, बोटं भाजून घेतली होती. पहिल्यांदा वाजलं तेव्हा तिला नाचावंसं वाटलं. बाबांनी तोंड वाकडं केलं.

खोक्यातून जाताना आवाजाची धार थोडी बोथट होते, हे तिलाही मान्य होतं. त्यावर उपाय होता. आत एक छोटा कंडेन्सर जोडला की बारीक, तीक्ष्ण आवाज रेझिस्टरला वळसा घालून सरळ स्पीकरकडे जातो. तिने तो जोडला. आवाज लख्ख झाला. बाबा म्हणाले, गोणपाट. तिने जरा मोठा जोडला. गोणपाट! ह्यावर काय बोलायचं माणसाने?

आणि आज तिसऱ्यांदा उघडायचं. ती चडफडत कोपऱ्यावरच्या दुकानातून सोल्डरची तार घेऊन आली, तर जिन्यातच बाबांचा आवाज कानावर पडला. ऑर्केस्ट्रातल्या जुन्या ड्रमवाल्याशी फोन चालला होता.

"काय वाजवणार, कपाळ! पोरीने वाट लावली माझ्या अँपची. मिक्सर दुरुस्त करते ना, मग वाटतं सगळंच येतं!"

एवढ्या मोठ्याने, की घरमालकीणबाईंनाही शब्द न् शब्द कळला असेल. ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरात शिरून ती एक अक्षर बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा घरातल्या मांजरालाही धोका कळतो. तिने खोकं उघडलं, कंडेन्सर काढला आणि त्याच्या जागी चांगला दांडगा ठोकला. मुद्दाम. ऐकणाऱ्याच्या कानाला डसला पाहिजे, बाबांनी हात जोडून 'पुरे' म्हटलं पाहिजे, एवढाच तिचा डाव होता.

"घ्या. आता म्हणा गोणपाट."

बाबांनी तारा छेडल्या. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज निघाला. ठिणगीच्या दाढा आंबल्या. खिडकीत झोपलेलं मांजर कान पाडून पलंगाखाली पळालं. ती जिंकल्यासारखी बाबांकडे बघत राहिली.

बाबांनी डोळे मिटले होते.

"हां," ते म्हणाले. "आत्ता. हाच माझा आवाज."

ते हसतील म्हणून ती थांबली. थट्टा करायची त्यांना खोडच होती. पण ते हसले नाहीत. हनुवटी वर करून, स्टेजवर वाजवायचे तसे वाजवत राहिले. मग थांबून तारा सुरात लावायला खुंट्या पिळू लागले. खोली शांत होती. ठिणगी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"बाबा, खोक्यातून धूर येतोय," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

धूर येत नव्हता. बाबा खुंटी पिळत राहिले.

कितीदा वाजली तरी बाबांनी न उघडलेली दारावरची घंटा. टीव्हीच्या आवाजावरून होणारी भांडणं. "मुद्दाम ऐकत नाही तुम्ही!" म्हणून तिने काढलेले त्यांचे वाभाडे. सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं, आणि तिचा राग ओसरायच्या ऐवजी उसळला. स्वतःवर, वर्षानुवर्षं बाबांच्या कानाशी आदळलेल्या त्या ड्रमवाल्याच्या झांजांवर, आणि सगळ्यांत जास्त ह्या माणसावर. ती पुढे येऊन उभी राहिली.

"खोक्यात काहीही खोट नाही, बाबा! कधीच नव्हती! हा आवाज मांजराला सोसला नाही! तुमचे कान गेलेत, कान!"

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "ऐकू येतंय मला."

"कधीपासून चाललंय हे?"

बाबांनी वाकून खोक्यावर हात ठेवला. ते चांगलंच तापलं होतं, तरी त्यांनी हात काढला नाही.

"मला वाटलं, खोकंच असेल," ते म्हणाले. "खोक्यात असती, तर तू काढली असतीस ना खोट."

तिला काहीतरी फोडावंसं वाटलं. हाताशी फोडण्यासारखं एक खोकंच होतं. तिने झाकण लावलं, तो दांडगा कंडेन्सर आतच ठेवून, आणि स्क्रू आवळले, मनगट दुखेपर्यंत.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं," ती खेकसली. "आणि मी एक शब्द ऐकून घेणार नाही."

मग तिने कापसाचे दोन बोळे केले, कानांत कोंबले आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

"वाजवा!" ती ओरडली. ह्या वेळी, फक्त त्यांना ऐकू जावं म्हणून.