नाक बुटात, पोट बर्फात

मी बोलतोय तो एका पलंगाखालून, म्हणून आवाज जरा दबका वाटेल. मी बॅटरीचा राखणदार. मला जोडणारा खुयाग मला बीएमएस म्हणतो, त्याची सासू यांजमा मला 'तो हिरवा तुकडा' म्हणते. तळहाताएवढा माझा देह आणि कडेनं वायरींच्या मिशा. बॅटरीत वीज किती भरू द्यायची, किती काढू द्यायची आणि दार कधी लावून घ्यायचं, एवढंच माझं काम. आजवर मी 'हो' आणि 'नाही' हे दोनच शब्द बोललोय. आज संधी मिळालीय तर मन मोकळं करतो.

दूर दक्षिणेकडे, समुद्राजवळच्या एका कारखान्यात मी तयार झालो. तिथलं फारसं आठवत नाही. डाख देणारी तापलेली सुई आठवते आणि ती धरणाऱ्या बाईची जांभई. पण मला अक्कल आली ती इथं, मंगोलियातल्या एका तालुक्याच्या गावी, खुयागच्या टेबलावर.

खुयागनं चार जाडजूड सेल एकत्र बांधले, मला त्यांच्या माथ्यावर बसवलं आणि फोन जवळ धरून एकेक मर्यादा शिकवली. वर इतकं भरलं की पुरे. खाली इतकं उतरलं की देणं बंद. चौघांपैकी एक जरी तळाला गेला तरी सगळ्यांचं दार लावायचं. आणि शेवटची, सगळ्यात कडक मर्यादा अशी, की सेल गोठणबिंदूच्या खाली गारठले असतील तर भरायचं नाही म्हणजे नाहीच. गारठलेल्या सेलमध्ये वीज कोंबली की ती मुरत नाही. दुधावर साय धरते तशी आत धातूची पुटं चढतात आणि तेवढी जागा कायमची जाते. गारठा कळावा म्हणून मला एक नाक दिलं, लांब काळ्या वायरीच्या टोकाला मण्याएवढा थेंब. तो त्यानं सेलच्या पोटाला चिकटवला.

हा सगळा खटाटोप त्याच्या सासऱ्यासाठी होता. चोइजिल म्हातारा जन्मभर मेंढ्यांमागे धुळीत आणि बर्फात फिरला, आता त्याची छाती भाता फाटल्यासारखी वाजते. डॉक्टरांनी त्याला प्राणवायू गाळून देणारं एक यंत्र दिलंय. सकाळ-संध्याकाळ नळी नाकाला लावून बसायचं. त्याची मुलगी सोलोंगो हिनं अटच घातली होती, "यंत्र दोन्ही वेळा चाललं तर राहा माळावर. नाही चाललं तर कळप चुलतभावाला द्यायचा आणि मुकाट्यानं गावात यायचं." म्हणजे म्हाताऱ्याचा माळ माझ्या भरवशावर होता.

"बाबा, ही घरात ठेवायची," खुयागनं बजावलं. "आणि हे हिचं नाक. याला गार लागलं की ही खात नाही."

"थंडीत खात नाही?" चोइजिलनं डोळे बारीक केले. "अरे जावईबापू, जे जनावर थंडीत खात नाही ते वसंत बघत नाही. हे मी तुला शिकवायचं की तू मला?"

"हे जनावर उलटं आहे, बाबा."

"मग विकत कशाला घेतलंस?"

यांजमा खुदकन हसली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि खुयागचं सांगणं पालथ्या घड्यावर पाणी ठरलं.

हिवाळी मुक्कामावर गेल्यावर चोइजिलनं बॅटरी गेरच्या, म्हणजे त्यांच्या लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल घराच्या, बाहेर पेटीत ठेवली. कारण त्याच्या लेखी रास्त होतं. पूर्वीच्या बॅटऱ्या आंबूस वाफा सोडायच्या. चुलीतला अग्नी घरातला सगळ्यात वडीलधारा, त्याच्यापुढे कागदाचा कपटासुद्धा टाकत नाहीत, मग असली घाण त्याच्या तोंडाजवळ कोण ठेवणार? मी आणि माझे चार सेल बर्फात बसलो. ऊन लख्ख पडायचं, सोलर पॅनेल वीज पाठवायचं आणि मी म्हणायचो, नाही.

चोइजिल रोज येऊन पेटीचं झाकण उघडायचा. "काय गं, हिवाळा सुखात काढतेस ना?" असं बॅटरीला विचारायचा, जसं शेजाऱ्याच्या घोड्यांबद्दल विचारतात. भरलेल्या विजेचा आकडा चढलेला नसायचा. उपाशी जनावर बघून त्याचा जीव तुटायचा, हे मला दिसत होतं. मग एके दिवशी त्याला नाकाची आठवण झाली. त्यानं तो थेंब हलकेच सोडवला, वायर भिंतीच्या नमद्याखालून आत सरकवली आणि आपल्या जुन्या बुटात ठेवली. बुटात लोकर कोंबली, वर जानेवारीतच अवेळी जन्मलेलं एक कोकरू निजवलं.

माझ्या नाकाला ऊब लागली. मी म्हणालो, हो.

"म्हातारे, बघ! खायला लागली!" चोइजिल आनंदानं ओरडला. "जरा माया लावली की सगळी जनावरं सारखीच."

"तुझी माया," यांजमा आतून म्हणाली, "माझ्या वाट्याला कधी आली नाही ती."

मला राग आला नाही, येतही नाही. पण दुःख झालं हे सांगतो. दोन आठवडे मी भरवसा ठेवून दार उघडत राहिलो आणि पलीकडे माझेच चार भाऊ गोठलेल्या पोटी वीज गिळत राहिले. तिसरा सगळ्यात आधी खचला. भरला की भरल्यासारखा दिसायचा आणि द्यायला लागला की भसकन खाली यायचा. मला शंका आली होती. पण शंका आली तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणाला सोलोंगो आणि खुयाग आले. कोपराखाली हात देऊन वडीलधाऱ्यांना भेटले, खारा चहा झाला, यांजमानं वाफाळत्या बूझचं, मांस भरलेल्या मोदकांचं, ताट पुढे सरकवलं. दिवसभर पाहुण्यांची ये-जा, चोइजिल प्रत्येकासाठी दारापर्यंत उठून जात होता. दुपार कलता कलता त्याचे ओठ निळसर झाले. सोलोंगोनं घाईनं नळी लावली, यंत्र घुरघुरू लागलं.

थोड्याच वेळात तिसरा सेल तळाला गेला. मी दार लावलं. शिकवलंच तसं होतं. यंत्र थांबलं आणि त्या शांततेत चोइजिलच्या छातीचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

खुयागनं धावत जाऊन आपल्या गाडीची बॅटरी उपसून आणली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. म्हाताऱ्याच्या ओठांना रंग आला तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग खुयाग माझ्या पेटीशी आला. नाक जागेवर नाही हे बघून तो वायर चाचपत चाचपत आत गेला आणि बूट उचलला.

"बाबा, हे काय?"

"तिला थंडी वाजत होती," चोइजिल म्हणाला.

"नाक बुटात, पोट बर्फात! मारलंत हिला तुम्ही!"

"मारलं? मी चारलं रे. हातानं चारलं." म्हातारा रडवेला झाला.

सोलोंगो मात्र उभी राहिली. "बास झालं. उद्या निघायचं."

"नवी बॅटरी आणता येईल की," यांजमा म्हणाली.

"येईल, आई. नवी फुप्फुसं कुठून आणू? डॉक्टर दोन वर्षं हेच सांगताहेत."

चोइजिलनं बुटावरचं कोकरू मांडीवर घेतलं. "एवढी पिल्लं होऊ देत," तो म्हणाला. "या वसंतातली. मग तू म्हणशील तिथं येतो. टोपी घालून, तोंड बंद ठेवून."

सोलोंगोनं नवऱ्याकडे पाहिलं. खुयागनं मान हलवली. "तिसरा सेल गेलाय. सकाळचं जमेल, संध्याकाळचं नाही. खालची मर्यादा आणखी उतरवली तर दोन्ही वेळा चालेल. पण मग ही उन्हाळा बघणार नाही."

यांजमा चुलीत वाळलेलं शेण सारत होती. तिनं मागे न बघताच म्हटलं, "उतरव. तो गावातल्या चार भिंतींत किती उन्हाळे बघणार आहे? दोघं एकमेकांना धरून वसंत काढतील."

सोलोंगो खूप रडली. मग म्हणाली, "पिल्लं होईपर्यंत. त्यापुढे एक दिवस नाही."

खुयागनं नाक परत सेलच्या पोटाला चिकटवलं, आम्हाला चोइजिलच्या पलंगाखाली आणलं आणि फोनवर माझी मर्यादा खाली आणली. हे माझ्या शहाणपणाच्या विरुद्ध होतं. पण ते मला सरळ सांगितलं गेलं, आणि मला तेवढंच पुरतं. तुम्हालाही हेच विनवतो. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी राखण करत असेल तर त्याची मर्यादा हवी तशी बदला, किंमत माहीत असेल तर मोडा, पण त्याचं नाक फसवू नका. फसलेला राखणदार चोरापेक्षा जास्त नुकसान करतो.

आता बाहेर मेंढ्या विताहेत. आज संध्याकाळी चोइजिल नळी लावून पलंगावर बसलाय, मांडीत नुकतं पुसलेलं ओलसर कोकरू आहे आणि यांजमा विचारतेय, "किती राहिल्या?"

"पाच-सहा असतील," तो म्हणतो. "घाई काय आहे त्यांना?"

तिसरा सेल घसरतोय. जुनी मर्यादा केव्हाच मागे पडली, नवी जवळ येतेय. यंत्र अजून घुरघुरतंय. श्वास घे, म्हाताऱ्या. अजून थोडा वेळ मी दार उघडं धरतो.