आजोबांचा वाटा

मित्रांनो, मी कासवांच्या शिकारीचा एक जुना भाला आहे. बुडालेल्या जहाजाची लोखंडी कांब ठोकून दुनुंग आजोबांनी माझे पाते घडवले आणि मला नातीच्या, मिसियाच्या हाती दिले.

"हा हरवलास तर तुलाच दोरी बांधून पाण्यात फेकीन," ते म्हणाले.

"फेका. तुमच्यापेक्षा जास्त मासे आणीन."

आम्ही मोकेन, समुद्रावरच जगणारी भटकी माणसे. आमचे घर म्हणजे होडी. पाच होड्या बरोबर फिरत आणि पोरे जिथे पेंग येईल त्या होडीत झोपत. याच सवयीने घात केला. एका निर्मनुष्य बेटाच्या आडोशाला होड्या थांबल्या असताना मिसिया मला घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर गेली. अचानक वारा फिरला. खडकांवर आपटण्याआधी होड्यांना निघणे भाग होते. आम्ही धावत परतलो तेव्हा खाडीत फक्त लाटा होत्या.

झऱ्याचे पाणी होते, अन्न नव्हते. हाताशी येणारे शिंपले, खेकडे लवकरच संपले. मिसिया खडकावर उभी राहिली की लाट तिला ओढू पाही. एकदा मला बांधलेली दोरी खोल कपारीत अडकली. मी गेलो असतो तर तीही जगली नसती. तिने डुबकी मारली. ती वर येईना. आली तेव्हा ओठ निळे पडले होते, पण मी तिच्या मुठीत होतो.

अखेर एक कासव लागले. मला वाटले, वाचली पोरगी. पण आमच्यात कासव एकट्याने खात नाहीत. तिने खडकावर रुंद पाने मांडली, दर होडीचे एक, आणि वाटे घातले.

"हा आजोबांचा. हा लुबी मावशीचा, तिला चरबी जास्त लागते."

स्वतःसाठी लहानसा तुकडा घेऊन तिने तो कच्चाच चावला. वेडी आहे, मी मनात म्हटले. थोड्याच वेळात घारींचा थवा उतरला. मला उगारून ती धावली, धडपडली, शेवटी हरून बसली. पाने रिकामी झाली.

तिकडे पाचही होड्या बेटामागून बेट धुंडाळत होत्या. ती नेमकी कुठे मागे राहिली, हेच कुणाला ठाऊक नव्हते. आजोबांना दुरून घिरट्या घालणाऱ्या घारी दिसल्या. माणूस नसलेल्या बेटावर कुणीतरी शिकार कापली आहे, हे त्यांनी ओळखले आणि होड्या तिकडे वळवल्या.

"मला वाटलं, तू आजोबांकडे आहेस," तिला कवटाळत लुबी मावशी म्हणाली.

"आणि मला वाटलं, हिच्याकडे. हिच्या हातचं तुला गोड लागतं ना," आजोबा म्हणाले. मग त्यांची नजर पानांवर गेली. "यातला माझा वाटा कुठला?"

"तो. घारीनं खाल्ला. तुम्ही उशीर केलात."

आजोबा त्या रिकाम्या पानापाशी बसले, ते बराच वेळ उठले नाहीत.

आता मी एका झोपडीच्या छपरात गंजत पडलो आहे. मित्रांनो, जुन्या भाल्याला कधीतरी तेलाचे बोट लावा. आणि निघण्याआधी आपल्या प्रत्येक माणसाला हाक मारा. उत्तर येईपर्यंत नांगर उचलू नका.