पिवळं सोडून सगळं

कावीळ एकट्या दशरथला झाली, पण पथ्य सगळ्या घराला लागलं.

घाटकोपरच्या भटवाडीतली त्यांची खोली दहा बाय बाराची. तिच्यात दशरथ, त्याची बायको मालन आणि दोन मुली राहत. थोरल्या नंदाचं लग्न सहा आठवड्यांवर आलं होतं. धाकटी शकु बारा वर्षांची, नुकतीच सातवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. मिल बंद पडल्यापासून दशरथ मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. एप्रिलमध्ये एकदा तो दुपारीच घरी आला आणि न जेवता आडवा झाला. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसले.

बातमी मालाडला पोचायला एक दिवस लागला. त्याच्या पुढच्या दिवशी शांताबाई पिशवी घेऊन दारात उभी राहिली. ही दशरथची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला कडेवर वाढवला होता, त्यामुळे ती आली की घर तिचं होई. मालन नणंदेच्या शब्दाबाहेर जायची नाही. दशरथ तर तिच्यापुढे अजून चड्डीतलाच होता.

"पिवळ्यान पिवळा वाढता," शांताबाईने पदर खोचत जाहीर केलं. "आजपासून घरात पिवळा काय एक दिसता नये."

हळदीचा डबा शेजारच्या कमलकडे गेला. तूरडाळ गेली, केळी गेली, लिंबं गेली. खिडकीचा पिवळा पडदा उतरला. देवाच्या तसबिरीवरचा झेंडूचा हारही निघाला. त्याच आठवड्यात गावाहून हापूसची पेटी आली. शकुने वरचं गवत बाजूला करून वास घेतला तेवढाच. आत्याने पेटी उघडली तशी बंद केली आणि चाळीत वाटून टाकली. नंतर चार दिवस अख्खी चाळ येता-जाता दशरथच्या तब्येतीची चौकशी करत होती. सगळ्यांच्या तोंडाला आंब्याचा वास.

दशरथच्या वाट्याला आली पांढरी पेज, पांढरा मुळा आणि बत्तासे. शिवाय नाक्यावरच्या गाडीचा उसाचा रस, बर्फ घालून.

दहा दिवसांनी तो संडासाला जाताना भिंत धरू लागला. शकुने त्याला हाताला धरून भंगारवाल्याच्या काट्यावर नेलं. चाळीतले सगळे तिथेच वजन करायचे, कारण भंगारवाला पैसे घेत नसे.

"अठ्ठेचाळीस," भंगारवाला म्हणाला. "मागे पत्र्याची पिंपं आणलीत तेव्हा गंमत म्हणून उभे राहिलात, तेव्हा चोपन्न होतात."

"पिंपासकट असेल," दशरथ म्हणाला. पण परतताना तो दोनदा थांबला.

त्या संध्याकाळी धाकटा काका सहदेव कुर्ल्याहून आला. मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती, तरी दहा बाय बाराच्या खोलीत हळू आवाज असा नसतोच. कन्यादानाला तास-दीड तास पाटावर बसायला लागतं. दशरथला जमलं नाही तर सहदेवने बसायचं, असं ठरलं. सहदेव नवं धोतर घ्यायला तयार झाला. नंदा उठून गॅलरीत गेली. दशरथ भिंतीकडे तोंड करून पडला होता. शकुला त्याची पाठ दिसत होती. ती पाठ झोपलेल्या माणसाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी तीच त्याला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर उत्तरा कर्णिक चाळीच्या तोंडाशीच बसायच्या; कावीळ त्यांनीच ओळखली होती. त्यांनी रक्ताचा कागद पाहिला, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "खाता काय?"

दशरथने सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

"म्हणजे उपाशीच आहात," डॉक्टर म्हणाल्या. "मी खाणं चालू ठेवा म्हटलं होतं ना? दारू बंद, तळलेलं बंद आणि मला विचारल्याशिवाय कुठलीही गोळी, पुडी, झाडपाला घ्यायचा नाही. बाकी घरचं साधं जेवण पोटभर."

"अक्का नाही म्हणते. पिवळं नको म्हणते."

डॉक्टर शकुकडे वळल्या. "तुला सांगते, तू घरी सांग. जुनं रक्त मोडतं तेव्हा त्यातून एक पिवळा रंग निघतो. सगळ्यांच्याच अंगात निघतो, तुझ्याही. यकृत तो रोज गोळा करून बाहेर टाकतं. तुमच्या गल्लीचा झाडूवाला आजारी पडला तर काय होतं?"

"कचरा साठतो."

"तसा हा रंग साठलाय. तो डाळीतून आलेला नाही. झाडूवाल्याला लवकर उभं करायचं तर काय करशील?"

शकुने विचार केला. "खायला घालीन. आणि जरा आराम करू देईन."

"मग झालं. आणि हे बघ, या दुखण्यात सकाळी भूक बरी असते, दिवस चढेल तशी मळमळ वाढते. म्हणून मोठं जेवण सकाळी. पाणी उकळून द्यायचं. गाडीवरचा रस बंद, त्या बर्फात काय असतं ते आपल्याला ठाऊक नाही."

घरी येऊन शकुने झाडूवाल्याची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. आत्याने सगळी ऐकून घेतली.

"डॉक्टरीणबाई शिकलेली हा," ती म्हणाली. "पण दशरथाक मी वाढवलंय, तिना नाय."

"पण आत्या, तू जन्मभर हळदीचं कालवण खाल्लंस. तुझे डोळे तर पांढरेच आहेत."

"माझा यकृत दगडाचा."

मालनने स्टोव्हकडे तोंड फिरवलं, हसू दिसू नये म्हणून.

शकुने हट्ट केला नाही. वाद घातला तर आत्या पिशवी उचलून मालाडला जाईल आणि बाबा तिच्या मागोमाग रडेल, हे तिला माहीत होतं. ती आत्याशेजारी भाजी निवडायला बसली. मग म्हणाली, "आत्या, हिरवं चालेल?"

"हिरव्याक कोण नको म्हणता?"

"लाल?"

"चलात."

"तपकिरी?"

"चलात गो."

"काळं? जांभळं?"

"मेले, तू काय साडीच्या दुकानात बसलंस?" आत्या म्हणाली. "पिवळा सोडून सगळा चलात, जा."

शकुने वहीचं पान फाडलं, मालनला शेजारी बसवलं आणि दोघींनी यादी केली. सालासकट हिरवे मूग. लाल माठ. दुधी, पडवळ, भेंडी. नाचणीची भाकरी. चवळी. गोड ताक. वाफवलेलं पापलेट मिळालं तर. मालन आधी घाबरत बोलत होती, पण तिसऱ्या ओळीनंतर तिचाच उत्साह आवरेना. सासरी आल्यापासून तिच्या स्वयंपाकाबद्दल कुणी तिचं मत विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच दशरथपुढे भरलेलं ताट आलं. मुगाची आमटी थेंबभर तेलात जिऱ्याची फोडणी देऊन, हळदीवाचून. तो ताटाकडे बघत राहिला.

"एवढं हिरवं खाल्लं तर पोपट होईन मी."

"झालात तर पिंजरा आणू," मालन म्हणाली. "खा."

पहिल्या दिवशी अर्धी भाकरी गेली. चौथ्या दिवशी एक. अंड्याचा प्रश्न आला तेव्हा आत्याने स्वतः उकडलेली अंडी फोडली, आतला पिवळा गोळा काढून शकुच्या हातावर ठेवला आणि पांढरं भावाला दिलं. शकुने तक्रार केली नाही. रसाचं तर आत्यानेच मिटवलं. ती गाडीवर बघायला गेली, तर बर्फाची लादी रस्त्यावर गोणपाटात पडलेली आणि शेजारी कुत्रं झोपलेलं. रसवाल्याला तिने मालवणीत जे सुनावलं, ते त्या भय्याला भाषा न समजताही समजलं.

दर रविवारी भंगारवाल्याच्या काट्यावर वरात जाई. एकोणपन्नास. साडेएकोणपन्नास. एक्कावन्न. तिसऱ्या रविवारी भंगारवाल्याने आकडा मोठ्याने सांगितला आणि समोरच्या न्हाव्याने टाळी वाजवली. दशरथ पायऱ्या एकटा चढू लागला. जेवण उशिरा आलं तर कुरकुर करू लागला. मालन ती कुरकुर कान देऊन ऐके.

हळदीचा दिवस आला. इथे मात्र आत्या अडकली. बंदी तिची, आणि घरातली मोठी म्हणून पहिली हळद लावायचा मानही तिचाच. तिने तोड काढली. हळद कमलच्या दारापुढच्या गॅलरीत लागेल आणि दशरथ दार लावून आत बसेल.

पण त्यांच्या घरची रीत अशी, की हळदीचं पहिलं बोट देवाला, दुसरं नवरीच्या आईबापाला आणि मग नवरीला. आईला लावून झालं. नंदा पाटावर थांबली. चाळीस बायका थांबल्या. तेवढ्यात दार उघडून दशरथ बाहेर आला आणि मुलीशेजारी बसला.

"अक्का, लाव."

आत्याचा हात वाटीत तसाच राहिला. "उद्या तुका पाटार बसूचा हा," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "परत काय झाला म्हणजे?"

बायकांमध्ये डॉक्टर कर्णिकही होत्या, शकुने स्वतः जाऊन बोलावलं होतं. त्या पुढे आल्या आणि दशरथची खालची पापणी बोटाने ओढून आत्याला दाखवली. "बघा शांताबाई. परवाचा रक्ताचा रिपोर्टही चांगला आलाय. आणि हळदीने कावीळ झाली असती तर आज या गॅलरीतली प्रत्येक बाई उद्या माझ्या दवाखान्यात असती. माझं भलं झालं असतं."

गॅलरी हसली. आत्याने भावाच्या डोळ्यात वाकून नीट पाहिलं. मग त्याच्या कपाळाला बोट लावलं आणि लगेच पदराने अर्धं पुसलं. पुन्हा विचार केला आणि दोन्ही गालांना भरपूर लावलं.

लग्नाच्या सकाळी शकुला जाग आली ती फोडणीच्या वासाने. स्टोव्हपुढे आत्या बसली होती आणि पातेल्यात तुरीचं वरण होतं, हळद घातलेलं.

मालन दबक्या आवाजात म्हणाली, "अक्का, आज तर यांना उपास ना? कन्यादान होईपर्यंत आईबापांनी काही खायचं नसतं."

शकु ताडकन उठून बसली. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मुहूर्त साडेअकराचा. महिनाभर ज्याला सकाळचं जेवण देऊन उभा केला, तो आज उपाशी पाटावर बसणार होता. कोपऱ्यात सहदेव काका नव्या धोतराच्या निऱ्या मोजत होता.

"उपास देवाक होयो," आत्या म्हणाली. "देवाक काय, दशरथ काय न् मी काय. त्याच्या वाटचो मी करतंय. तू तुझो कर. ह्याका ताट वाढ."

दशरथ काहीतरी बोलायला गेला, पण आत्याने वरण-भाताचा पहिला घास त्याच्या तोंडात घातला, तो लहान असताना घालायची तसा. त्याने तीनदा भात घेतला.

मुनशीपालटीच्या शाळेचा हॉल सुट्टीमुळे मिळाला होता. पंखे दोनच, आणि त्यातला एक नुसता आवाज करणारा. दशरथ आणि मालन पाटावर बसले. मागे सहदेव धोतर सावरून तयारीत, आणि त्याच्या बाजूला आत्या भावाच्या पाठीवर नजर लावून. भटजी घाई करणारे नव्हते. शकु भिंतीवरचं घड्याळ बघत होती. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास, मग पाऊण. नंदाचा हात नवऱ्याच्या हातात ठेवून दशरथने पाणी सोडलं, तेव्हा पाण्याची धार सरळ पडली. मालन रडली, नंदा रडली. दशरथचे डोळेही भरले, स्वच्छ पांढरे डोळे.

सव्वा तासाने भटजी म्हणाले, "उठा आता." सहदेव आधार द्यायला पुढे झाला, पण दशरथ गुडघ्यावर हात टेकून एका दमात उभा राहिला होता.

आत्याही उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली. पहाटे चारपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता आणि वय होतं साठीच्या पुढे. तिला गरगरलं.

दशरथ पाटावरून खाली उतरला, तिच्यासमोर उभा राहिला आणि हात पुढे केला.

"ऊठ अक्का," तो म्हणाला. "चल, पंगतीत बसू. आज तुला मी वाढतो."

आत्याने त्याचा हात धरला. त्याने ओढलं, आणि ती उठली.