तेल प्यालेली वहाण

मोटारीखालून बाहेर आलेल्या दोन पायांवर रंभाबाईनं काठीचं टोक टेकवलं आणि दाबलं.

"नीघ भायेर. आधी नीघ, मग बोल."

पाय तिच्या लेकाचे, जोतीरामचे होते. तो सरपटत बाहेर आला. कानापर्यंत काळं तेल, हातात पाना. आईच्या डाव्या हाताकडं त्याची नजर गेली आणि तो उठता उठता तसाच मातीत बसून राहिला. तिच्या हातात एक वहाण होती. एकच, उजव्या पायाची.

"हिची जोडीदारीण कुटं हाय?"

"आई, ते..."

"सा वर्सं दारामागच्या खुंटीला जोडी टांगलीय. आज सडा घालाय उटले तर एकच. कुत्र्यानं न्हेली म्हणू नगंस. कुत्रं खुंटीवर चढत न्हाय."

वहाणा मानसिंगच्या, तिच्या नवऱ्याच्या. तो तापानं गेला त्याला सहा वर्षं झाली. गेलेल्या माणसाच्या वहाणा घरात ठेवू नयेत, असं भावकीतल्या बायांनी सांगून पाहिलं होतं. "दृष्ट लागू नये म्हणून टांगल्यात," एवढंच रंभाबाई म्हणायची. कुणी आणखी छेडलं तर फणकारायची, "त्येची आठवण काढाय त्यो काय माजा हुता व्हय? त्यो ह्या डबड्याचा."

डबडं म्हणजे ही मोटार. मिलच्या एका साहेबानं विलायतेला जाताना विकलेली, मानसिंगनं बैलांची जोडी मोडून घेतलेली. सकाळी उठून तो आधी तिला पाणी पाजायचा, मग स्वतः चूळ भरायचा. चाकाचा एकेक आरा फडक्यानं पुसायचा. रंभाबाईला एकदा हिवताप भरला होता, तो त्याला तिसऱ्या दिवशी कळला. मोटारीचा आवाज बदललेला मात्र झोपेतही कळायचा.

आणि आज त्याच डबड्यावाचून रंभाबाईचं नाक कापलं जायची वेळ आली होती. बाळंतपणाला आलेली लेक गोदी आज पोराला घेऊन मैंदर्गीला सासरी निघायची होती. बारशाला आलेल्या विहीणबाई दारातल्या मोटारीकडं बघून भरल्या घरात हसल्या होत्या. "चालती व्हय ही? मला वाटलं, मिरच्या वाळत घालाय ठेवलीय." रंभाबाईनं तिथल्या तिथं चाळीस बायांत सांगितलं होतं, पोरगी येईल ती ह्याच मोटारीतून, बैलगाडीनं आली तर तोंड दाखवणार नाही.

परवापासून मोटारीच्या पोटात टकटक सुरू झाली. इंजनातल्या एका दांड्याच्या टोकाला मऊ धातूचं अस्तर असतं, ते झिजलं होतं. नवं मुंबईहून यायला आठ दिवस. जोतीरामचा दोस्त शरणप्पा, मिलमधला फिटर, त्यानं तोड काढली होती: अस्तराच्या जागी कातड्याची पट्टी बसवायची. मैंदर्गी गाठून माघारी येण्यापुरती ती तग धरते.

"काल चांभाराकडनं नवं कातडं आणलं," जोतीराम खालमानेनं म्हणाला. "वाड्याभवती दोन फेऱ्या मारल्या, जळून गेलं. कोरडं हुतं."

"म्हणून बापाची वहाण कापलीस?"

तो काही बोलायच्या आत मोटारीखालून शरणप्पाचा आवाज आला. पलीकडच्या टोकाला ठोकाठोक करताना वर कोण उभं आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

"जोत्या, काय कातडं घावलं रे हे! लोनी हाय, लोनी! एरंडेल पाजलंय याला कुनीतरी. एकदा न्हाय, दर म्हैन्याला पाजलंय. नुसतं टांगून ठेवलं तर वाळून खापर होतंय की. हे बघ, दुमडलं तरी चीर न्हाय. कोन केलं रे एवढं? हात जोडतो त्येला."

जोतीरामनं आईकडं पाहिलं आणि चटकन पान्याकडं पाहू लागला. 

रंभाबाईच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"खुंटीवरनं काढून कुनी दिली? तुजी छाती न्हाय तेवढी."

"मीच की."

"खोटं बोलू नगंस माज्याम्होरं."

"मी दिली, आत्या."

सून बजाबाई पायरीवर बसून इंजनातून काढलेलं तेल फडक्यातून गाळत होती. तिनं मान वर केली नाही.

"तू? आनि तुला कुनी सांगितलं, ती मऊ हाय म्हणून?"

बजाबाईनं फडकं सावकाश पिळलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत पिळलं.

"सांगाय कुनी कशाला पायजे? घरातलं एरंडेल कुटं जातंय, ते मला ठावं हाय."

रंभाबाईनं काठी उचलली. क्षणभर ती वर तशीच राहिली.

गेल्या दिवाळीत याच अंगणात, शेजारच्या अक्कम्माला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली होती, "आमची बया बुधलेच्या बुधले म्हायेरी पोचवती. न्हाय तर एरंडेल एवढं सरतंय कसं?" बजाबाईचा बाप त्याच सकाळी केम गावाहून रेल्वेनं आला होता. ओसरीवर टेकला होता. हातातला पाण्याचा तांब्या त्यानं तोंडाला न लावता खाली ठेवला, मुंडासं सारखं केलं आणि दुपारच्या गाडीनं माघारी गेला. बजाबाई तेव्हा एक शब्द बोलली नव्हती. नंतरही नाही.

काठी खाली आली ती मोटारीच्या पत्र्यावर. टिणकन आवाज झाला. आत पोर दचकून रडू लागलं.

"बसलाय काय तोंडाकडं बघत?" रंभाबाई लेकावर ओरडली. "ऊन चढाय लागलं. आवरा ते डबडं!"

शरणप्पानं पट्टी बसवून इंजनाचं झाकण आवळलं. गाळलेलं तेल पुन्हा इंजनात गेलं. जोतीरामनं आधी पाणी भरलं, बापासारखंच, घागर एका हातावर तोलून, थेंब न सांडता. मग मोटारीच्या तोंडाशी हँडल लावून फिरवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मोटार खोकली, थरथरली आणि लागली. सगळे कान देऊन उभे राहिले. टकटक नव्हती. सगळ्यांच्या मागं, दाराच्या चौकटीला धरून उभी असलेली रंभाबाई डोळे मिटून ऐकत होती. कुणी वळून बघायच्या आत तिनं डोळे उघडले.

गोदी पोराला छातीशी धरून मागं बसली. बोचकी चढली. जोतीराम मोटार हाकायला पुढं बसला.

"थांबीव."

रंभाबाई तरातरा आली. उजव्या पायाची वहाण तिनं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली होती. जोतीरामच्या शेजारची बैठक उचलून, पाने-पकडी बाजूला सारून तिनं ती आत खुपसली.

"ही कशाला, आई?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

शरणप्पा हात पुसत उभा होता. "दृष्टीसाठी म्हागं बांधतेत, यव्वा. आत न्हाय ठेवत."

"म्हागं बांधली की धूळ बसती तिच्यावर," रंभाबाई बोलून गेली आणि मग त्याच्यावर खेकसली, "तू तुजं बघ की!" ती जोतीरामकडं वळली. "पैली पट्टी वाटेत जळाली तर ही कापायची. न्हाय जळाली तर तशीच माघारी आन. सोमवारी अमुशा हाय."

जोतीरामनं मान हलवली. अमावास्येला काय असतं, हे त्यानं विचारलं नाही.

मोटार अक्कलकोटच्या रस्त्याला लागली. आवाज पार विरेपर्यंत रंभाबाई हलली नाही. मग घरात गेली आणि बुधला घेऊन आली. बजाबाई पायरीवर राखेनं हात घासत होती. तिच्या वरच्या पायरीवर रंभाबाई बसली.

"पाठ कर हिकडं."

बजाबाईनं पाठ केली. रंभाबाईनं तिचा अंबाडा सोडला, टाळूवर तेलाची धार धरली आणि भांडं घासावं तशी चोळू लागली.

"क्यास हायेत का कडबा? तेल लावाय काय हुतंय तुला?"

"पुरत न्हाय की, आत्या."

बोटं थांबली. मग असा एक हिसका बसला, की बजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.  बोटं पुन्हा फिरत राहिली, आधी रागानं, मग जरा सावकाश.

"तुज्या बाला सांगावा धाड," शेवटी रंभाबाई म्हणाली. आवाज मघासारखाच कडक होता. "म्हणावं, पानी तसंच ऱ्हायलंय. येऊन पिऊन जा."