फणसाची चिठ्ठी

पोशीर गावच्या सुरभीला कर्जतच्या कॉलेजात तीन महिने होऊन गेले, तरी लायब्ररीच्या खिडकीकडे ती फिरकली नव्हती. तिथे ग्रंथपाल पद्मजामॅडम बसत. अठ्ठावीस वर्षं एकाच खुर्चीत काढलेल्या या बाईंचा दरारा असा, की पहिल्या वर्षाची पोरं तिथून जाताना बोलणंसुद्धा अर्धवट सोडत. नियम साधा होता. खिडकीत चिठ्ठी भरून द्यायची, आतून पुस्तक यायचं. आत कपाटांपर्यंत मात्र पहिल्या वर्षाला प्रवेश नाही.

त्या गुरुवारी तिला जावंच लागलं, कारण घरामागचा फणस रविवारी तोडला जाणार होता. तीन वर्षं त्याने एकही फळ दिलं नव्हतं, म्हणून तिच्या वडिलांनी, धाकलूने, चांगो सुताराला करवत घेऊन यायला सांगितलं होतं. नव्या दारांना लाकूड झालं असतं. पण घरातल्या कालव्याला कंटाळून सुरभीने बारावीचा सगळा अभ्यास त्याच फणसाखाली केला होता. मोबाईलवर शोधावं, तर तिथे दहा जणांनी दहा उपाय सांगितलेले, आणि बाबांनी दहाही उडवून लावलेले.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पुस्तकाचे नाव'. ते हिला कुठून ठाऊक असणार? तिने आपलं जे हवं होतं तेच लिहिलं : आमचा फणस तीन वर्षं धरत नाही. का?

मॅडमनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हे पुस्तकाचं नाव आहे?"

"नाही मॅडम. पण कुठल्यातरी पुस्तकात असेल ना?"

मागे तिसऱ्या वर्षाची दोन मुलं फिसकन हसली. सुरभीचे कान तापले.

"तुम्हाला काय हवंय?" मॅडमनी त्यांना विचारलं.

"गाइड."

"तेच. अठ्ठावीस वर्षं तेच देतेय," असं म्हणून मॅडमनी बाजूचं दार उघडलं. "सुरभी, आत ये."

आत काय नव्हतं? भातावर पुस्तकं, सापांवर पुस्तकं, ताऱ्यांवर, मधमाश्यांवर, अगदी विहिरींवरसुद्धा. हे सगळं तीन महिने भिंतीपलीकडे होतं आणि आपण कँटीनमध्ये वडापाव खात बसलो, याचं तिला हसूच आलं. तासभर दोघी शोधत होत्या. मॅडम पदर खोचून शिडीवर चढल्या आणि फळझाडांवरचा एक जाडजूड ग्रंथ काढून, फुंकर मारून, तिच्या हातात दिला. घरी मात्र तो नेता येणार नव्हता, कारण संदर्भग्रंथ बाहेर देत नाहीत. सुरभीने पानाचा फोटो काढून नेला.

"हे पन मोबाईलवरच की गं," धाकलू म्हणाला. "पुस्तक हाय तं पुस्तक दाव."

म्हणून शनिवारी स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात हजर झाली. लायब्ररीच्या दाराशी त्याने चपला काढल्या. बाकी कुणी काढत नव्हतं. ओळख दाखवू नये असं सुरभीला क्षणभर वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. तिने त्याला खुर्ची ओढून दिली.

धाकलू एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचत गेला. मुळाशी सतत खत आणि पाणी जास्त झालं की झाडाला नुसती पानं फुटतात, फळ धरत नाही, असं तिथे लिहिलं होतं. बोट थांबलं.

"गोठा कंदी बांधला गं आपन?"

"मी दहावीत होते तेव्हा."

"म्हंजी तीन वर्सं." त्याने पुस्तकातून मान वर केली नाही. "आन गोठ्याची मोरी मीच फणसाच्या मुळात सोडलीय."

"मग वळवा ती," मॅडम म्हणाल्या.

"आन वळवून बी नाय धरला तं?"

"तर येऊन माझ्याशी भांडा."

झाडाचं काय ठरलं हे विचारायचा सुरभीला धीर होईना. तो आपला पुढची पानं उलटत राहिला, आंबा झाला, चिकू झाला, जेवायची वेळ टळली. लायब्ररी बंद व्हायला आली तेव्हा तो उठून खिडकीशी गेला.

"मलापन एक चिठ्ठी द्या."

चिठ्ठी फक्त विद्यार्थ्यांसाठी असते, हे मॅडमच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी चिठ्ठी दिली. धाकलूने सावकाश नाव लिहिलं, वर्गापुढे 'सातवी पास' लिहिलं, आणि पुस्तकाच्या नावापुढे बराच वेळ लावून एक ओळ लिहिली. मॅडमनी ती वाचली आणि सुरभीपुढे सरकवली.

'फणस धरला की वानरं येतात. उपाय काय?'

झाड तोडणाऱ्याला वानरांची काळजी कशाला पडेल? सुरभी मोठ्याने हसली. इतकी, की वाचनकक्षातली सगळी डोकी वर झाली, आणि मॅडम पहिल्यांदाच कुणाला गप्प न करता शिडी आणायला आत गेल्या.